वारा नसताना फिरणारी पवनचक्की

पंख्याबद्दल मला कोणी काही शिकवायला जाऊ नये. मी पंख्यांच्या कारखान्यात डिझाइन विभागात आहे. उन्हाळ्यात दुपारी तुम्ही आडवे पडून ज्याच्याकडे टक लावून बघता, त्या पंख्याच्या पात्याला बाक किती द्यायचा, उतार किती ठेवायचा, टोक कुठे वळवायचं, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. तो कोणीतरी म्हणजे मी. हे मी फुशारकीने सांगत नाहीये. सांगायची वेळ आली आहे, कारण आमच्या इमारतीतले काही लोक अजूनही मला जिन्यात गाठून "काय, आज वारा सुटला का?" असं विचारतात आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता हसत हसत खाली उतरून जातात. तेव्हा एकदा काय झालं ते सगळं नीट सांगून टाकावं म्हणतो. मग हसायचं त्यांनी हसावं.

सगळं सुरू झालं ते आत्यामुळे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडे राहते असं आम्ही लोकांना सांगतो. घरात दोन दिवस काढलेला कोणीही सांगेल की आम्ही तिच्याकडे राहतो. संध्याकाळ झाली की आत्या चांगले बूट घालायची, पत्त्यांचा कॅट पर्समध्ये टाकायची आणि चौथ्या मजल्यावरून काठी टेकत तळमजल्यावर निवृत्त नर्सबाईंकडे जायची. तिथे आणखी दोघीजणी यायच्या. तिथे नक्की काय चालायचं हे आम्हाला कधी कळलं नाही, पण आत्या परत यायची ती दहा वर्षांनी लहान होऊन.

आता आमच्या भागातली वीज अशी आहे की ती जाते आणि नेमकी संध्याकाळीच जाते. आमच्या जिन्याला खिडकी नाही. वास्तुविशारदाला बहुधा आठवणच राहिली नसावी. एका संध्याकाळी आत्या जिन्यात असताना वीज गेली, तिची एक पायरी चुकली आणि गुडघा चांगलाच सुजला. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवशी माझ्या बायकोने जाहीर केलं की यापुढे अंधारात जिना बंद. आत्याला बॅटरी आणून दिली, तर एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, बॅटरी धरायची कशात? आत्याने ती तोंडात धरून दाखवली, तेव्हा बॅटरीबरोबर कवळीही खाली आली. मी म्हणालो, मी रोज हात धरून पोचवतो आणि परत आणतो. त्यावर आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी शाळेत नापास झालो होतो तेव्हाची होती.

"मला पोचवायला हवं? मी काय पार्सल आहे?"

झालं. आत्या संध्याकाळची घरी राहू लागली. सुरुवातीला पलंगावर एकटीच पत्ते मांडायची आणि स्वतःशी खेळतानाही लबाडी करायची. बायकोच्या फोडणीपासून माझ्या मोजे घालण्यापर्यंत सगळ्यावर तिची देखरेख सुरू झाली. आम्ही दोघं मेटाकुटीला आलो. पण मग हळूहळू ते सगळं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं. पत्ते डब्यातच राहायला लागले. दिवस मावळला की आत्या म्हणायची, "जरा पडते." आत्या आणि पडते. ज्या बाईने मला वाढवताना दुपारी कधी डोळा मिटला नव्हता, ती संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडलेली बघवायची नाही.

उपाय साधा होता. जिन्यात बॅटरीवर चालणारे दिवे लावायचे. हा विषय मी इमारतीच्या सभेत काढला आणि माझ्या लक्षात आलं की जगात साधा उपाय नावाची गोष्ट नसते. दिवे सगळ्यांना हवे होते. प्रश्न एवढाच होता की ती बॅटरी चार्ज कोणाच्या मीटरवरून करायची. सामाईक मीटरवरून म्हटलं तर तळमजला चिडला, कारण ते जिना वापरत नाहीत. चौथ्या मजल्याने करावी म्हटलं तर आमच्या शेजारच्यांनी सभात्याग केला. सेक्रेटरी प्रत्येकाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेत होते आणि शांतपणे काहीच ठरवत नव्हते. हे त्यांचं खास कौशल्य आहे. आणि तेव्हा, मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी उभा राहिलो. बायको मागून शर्ट ओढत होती तरी मी उभा राहिलो. मी म्हणालो की वारा कोणाच्याच मीटरवर नसतो. मी गच्चीवर पवनचक्की करून देतो.

मग पहिल्या मजल्यावरचे हवामानकाका उठले. त्यांचं खरं नाव काहीतरी वेगळं आहे, पण रोज सकाळी फाटकापाशी उभं राहून, बोट ओलं करून, ते हवेत धरून वाऱ्याबद्दल भविष्य सांगायची त्यांची सवय आहे, म्हणून हे नाव. काका म्हणाले, आपल्या इमारतीला वारा येतो तो फक्त डोकावायला येतो, बसत नाही. मी म्हणालो, अहो, तेच तर. सोसाट्याच्या वाऱ्यात काय, कोणाचीही पवनचक्की फिरेल. मंद वाऱ्यात फिरणारी करायची तिथेच खरं डिझाइन लागतं. पातं हलकं हवं, रुंद हवं, घर्षण कमी हवं, सुरुवातीचा जोर कमी लागायला हवा. मी चांगलं अर्धा तास समजावून सांगितलं. नंतर कळलं की लोकांनी ठराव मंजूर केला तो चहा निवत होता म्हणून.

सेक्रेटरींनी एकच अट घातली, पालिकेची परवानगी. म्हणून मी पालिकेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या पहिल्या खिडकीवर मला विचारण्यात आलं की गच्चीवर उभी करायची वस्तू पाण्याची टाकी आहे, अँटेना आहे की जाहिरातीचा फलक. मी म्हणालो, पवनचक्की. खिडकीतल्या माणसाने बराच विचार केला आणि सांगितलं की पवनचक्की शेतीच्या अवजारांत मोडते, तेव्हा आधी शेत दाखवा. दुसऱ्या खिडकीने पाणीपुरवठ्याकडे पाठवलं, कारण पवनचक्कीने विहिरीतून पाणी काढतात हे त्यांनी लहानपणी पुस्तकात पाहिलं होतं. वीज विभागाने सांगितलं की आधी वीज तयार होऊ द्या, मग तुम्ही आमच्याकडे. मी म्हणालो, ती तयार करायचीच परवानगी हवी आहे. ते म्हणाले, ती इथे मिळत नाही.

शेवटी एका वयस्कर बाईंना माझी दया आली. त्यांनी माझं डिझाइन उलटसुलट करून पाहिलं. गच्चीवर खांब, खांबाला आडवे दांडे, उघड्या हवेत. बाई म्हणाल्या, "हे आमच्याकडे एकाच सदरात बसतं. कपडे वाळत घालण्याची कायमस्वरूपी व्यवस्था." माझं रक्त खवळलं. इतकी वर्षं ज्याने पात्यांच्या कडा घडवल्या त्याची निर्मिती, आणि कपडे वाळत घालायची? पण जेवायची सुट्टी व्हायला आली होती. मी सही केली.

घरी येऊन कामाला लागलो. वीज तयार करायला मोटर लागते, ती मी आमच्या व्यायामाच्या यंत्रातून काढली. घरात चालायला म्हणून ते यंत्र मी हौसेने आणलं होतं आणि त्यावर आजवर फक्त टॉवेल चालले होते. मोटर काढल्यावर बायको म्हणाली, "आता टॉवेल कुठे घालू?" कारखान्यातून खोट आलेली पाती आणली, सहा दांडे कापून घेतले, आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो तिथून उठलाच नाही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. येणारा-जाणारा प्रत्येक शेजारी नकाशावर वाकून एक सल्ला आणि एक बिस्किटाचा चुरा सोडून जायचा. काका म्हणाले, खांब उंच करा. सेक्रेटरी म्हणाले, खांब बुटका करा, लांबून दिसता कामा नये. शेजारच्या बाईंनी सुचवलं की फिरेल तेव्हा आवाज येईल, तेव्हा फिरणार नाही अशी करता आली तर बघा.

त्यांची सूचना मी नकळत पूर्णपणे अमलात आणली. गच्चीवर उभी केली आणि पवनचक्की फिरेना. झाडाची पानं हलत होती, दोरीवरची चादर हलत होती, सेक्रेटरींची मिशीसुद्धा हलत होती, पण माझी पाती ढिम्म. मी पात्यांचा कोन बदलला. तेल घातलं. खांबाची जागा बदलली. काका रोज वर येऊन ओलं बोट हवेत धरायचे आणि एखाद्या डॉक्टरसारखी मान हलवायचे. कारखान्यात साहेबांनी विचारलं, पवनचक्की कशी आहे? मी म्हणालो, स्थिर आहे. आणि घरी रोज संध्याकाळी आतल्या खोलीतून भिंतीकडे तोंड करूनच आत्या विचारायची, "फिरली का रे?" मी म्हणायचो, उद्या फिरेल. एवढंच बोलणं व्हायचं. बाकी सगळ्यांचं हसणं मी सहन केलं असतं, पण तो प्रश्न मला झोपू द्यायचा नाही.

मग तो रविवार उजाडला. मी दुकानातून नवी, भरलेली बॅटरी आणली, गच्चीवर नेली, तारा जोडल्या, आणि पवनचक्की फिरू लागली. नुसती फिरू लागली नाही, भरभर फिरू लागली. मी डोळे चोळले. पान हलत नव्हतं. चादर लोंबत होती. आणि माझी पवनचक्की गरगरत होती. मी खाली धावत गेलो आणि सगळ्या मजल्यांची दारं ठोठावली. लोक गच्चीवर आले. काकांनी बोट ओलं करून वर धरलं, मग दुसरं धरलं, मग पाचही बोटं ओली करून पाहिली. ते गोंधळून म्हणाले की वारा अजिबात नाही. मी खिशात हात घालून, आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणालो, "त्याला मंद वाऱ्याचं डिझाइन म्हणतात."

तो दिवस माझा होता. ज्यांनी सभात्याग केला होता त्यांनी घरून सरबत आणलं. सेक्रेटरींनी भाषण केलं आणि त्यात ही कल्पना आपलीच असल्यासारखं दोनदा वाटलं, पण मी दुर्लक्ष केलं. ठरलं की संध्याकाळी वीज गेली की मी जिन्यात आधीच बसवून ठेवलेले दिवे लावायचे. आत्याने कपाटातून चांगले बूट काढले, स्वतः पुसले आणि पत्त्यांचा कॅट पर्समध्ये टाकला. दिवस मावळायच्या आधीपासूनच ती जिन्याच्या वरच्या पायरीवर काठी टेकून उभी होती. तळमजल्यावर नर्सबाईंनी दार उघडून ठेवलं होतं. सगळ्या मजल्यांवर लोक उभे होते.

वीज गेली. मी बटण दाबलं. जिन्यातले दिवे क्षणभर लागले, पिवळे पडले, लाल पडले आणि गेले. त्याच क्षणाला गच्चीवरची घरघरही थांबली. जिन्यात अंधार आणि कोणीतरी दाबलेलं हसू. मी म्हणालो, वारा पडला वाटतं. त्यावर माझी बायको अंधारात माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "अहो, सकाळपासून वारा नव्हताच. मग फिरवत कोण होतं?"

सांगतो, ऐका. मोटर आणि जनित्र हे एकच यंत्र आहे. फिरवलं की वीज देतं, वीज दिली की फिरतं. म्हणून मध्ये एक छोटासा डायोड लावतात, तो वीज एकाच दिशेने, बॅटरीकडे, जाऊ देतो. मी तो लावलाच नव्हता. दिवसभर बॅटरीच पवनचक्की फिरवत होती. जन्मभर मी जे केलं तेच पुन्हा केलं होतं. मी गच्चीवर पंखा लावला होता. आमच्या कारखान्यात एखादी गोष्ट फिरली की टाळ्या वाजवायच्या अशी पद्धत आहे. ती कोण फिरवतंय हे विचारायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. मोकळ्या आकाशाला वारा घालणारा बहुधा मी पहिलाच माणूस असेन. हे काकांनी खाली जाऊन तीन मजल्यांवर समजावून सांगितलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

लोकांच्या हसण्याचं मी काही म्हणत नाही. पण मेणबत्ती घेऊन मी जिन्यापाशी गेलो तेव्हा आत्या वरच्या पायरीवर बसून बूट काढत होती. मी वाकून नाडी सोडायला गेलो तर तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वतःच सोडली. ती मला दोन शिव्या घालती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी डायोड लावला आणि पवनचक्की प्रामाणिकपणे उभी राहिली. रागाच्या भरात मी सगळी पाती काढून टाकली. आता खांब आणि सहा उघडे दांडे, असा सांगाडा राहिला. त्यातच कोणीतरी पालिकेत तक्रार केली की गच्चीवर धोकादायक यंत्र बसवलं आहे. कोणीतरी म्हणजे कोण हे मला ठाऊक आहे, ते भाषण चांगलं करतात. पालिकेतून निरोप आला की निरीक्षक येऊन परवानगीप्रमाणे काम आहे की नाही ते पाहतील, आणि नसल्यास त्याच दिवशी काढून नेतील. परवानगी कशाची होती ते तुम्हाला आठवत असेलच.

मी हातपाय गाळून बसलो. म्हटलं, नेऊ दे, पीडा जाईल. पण आतल्या खोलीतून आत्या बाहेर आली. बऱ्याच दिवसांनी तिचा तो जुना आवाज ऐकला. ती म्हणाली, कपडे वाळत घालायचेत ना, मग घालू की. बायकोने घरातले सगळे उशीचे अभ्रे धुऊन काढले. आत्या एक जिना चढून गच्चीवर आली. अभ्रा दांड्यावर मोज्यासारखा चढवायचा, आणि तो निरीक्षकांच्या तोंडावर फडफडू नये म्हणून त्याचं मोकळं टोक सुतळीने पुढच्या दांड्याला बांधायचं. सहा दांडे, सहा अभ्रे. मी टाकीच्या कट्ट्यावर बसून स्वतःच्या कारकिर्दीचा हा शेवट बघत होतो.

निरीक्षक आले. सोबत सेक्रेटरी होते, आणि बोट घेऊन काकाही. निरीक्षकांनी खांब पाहिला, दांडे पाहिले, अभ्रे पाहिले, आणि व्यवस्था परवानगीप्रमाणे आहे असं ते म्हणणार तेवढ्यात एक अगदी हलकी झुळूक आली. तिला झुळूक म्हणणंही जास्तच होईल. अभ्रे पोटात थोडे फुगले. आणि तो सगळा डोलारा हळूहळू, कुरकुर न करता, फिरायला लागला.

निरीक्षक दोन पावलं मागे सरले. "हे फिरतं?"

"हो तर," माझी बायको म्हणाली. "दोन्ही बाजूंनी वाळावेत म्हणून."

निरीक्षकांनी मान डोलावली, असली सोय आपल्या घरी कशी करता येईल ते विचारलं आणि सही केली. सेक्रेटरींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मी पाहिला नाही. मी मोटरीपाशी गुडघ्यांवर बसून तिला जोडलेल्या वीजमापकाचा काटा बघत होतो. काटा हलला होता. बॅटरी नाही, काही नाही, तिच्या तारा मी स्वतः सोडवून ठेवल्या होत्या. काकांनी बोट वर धरलं, बराच वेळ धरलं आणि खाली घेतलं. "वारा नाहीये," ते म्हणाले, आणि मग फिरणाऱ्या अभ्र्यांकडे बघत तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

हलकं हवं, रुंद हवं, सुरुवातीचा जोर कमी लागायला हवा. सभेत अर्धा तास मीच ओरडून सांगितलं होतं, आणि करताना मात्र हाताच्या सवयीने पत्र्याची, अरुंद, वाऱ्याला ढकलणारी पाती लावली होती. नंतर मी कापडाच्या शिडांचा सगळा हिशोब मांडला, ताण कुठे किती, सुतळी किती सैल, मोटरीला पट्टा कोणता. पुन्हा टेबल अडलं. चांगलं तलम कापड आणून सहा शिडं शिवूनही घेतली. पण आत्याने ती लावू दिली नाहीत. म्हणाली, फिरतंय त्याला हात लावू नकोस.

बॅटरी भरायला बरेच दिवस लागले, कारण आमचा वारा तसाच, डोकावून जाणारा. या वेळी मी कोणाला बोलावलं नाही, कोणाची दारं ठोठावली नाहीत. एका संध्याकाळी वीज गेली तेव्हा मी गुपचूप बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा जिन्यात प्रत्येक वळणावर एक लहानसा पांढरा दिवा लागला होता आणि तो पिवळा पडत नव्हता.

आत्या दारात आली. पायात चांगले बूट होते. म्हणजे ती रोजच घालून बसत होती की काय, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मी पुढे होऊन तिचा हात धरला.

"हात सोड," ती म्हणाली. "दिसतंय मला."

मी हात सोडला. ती उतरू लागली. एक हात कठड्यावर, एका हातात काठी, पर्स खांद्याला. तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर दारं उघडल्याचे आवाज आले. सेक्रेटरी भिंतीला चिकटून उभे राहिले आणि तिला वाट दिली. पहिल्या मजल्यावर काका काहीतरी म्हणाले आणि ती त्यांना काहीतरी म्हणाली. मग तळमजल्यावर नर्सबाईंचं दार उघडलं आणि चौघीजणी एकदम बोलायला लागल्या. त्यातून आत्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता. ती पत्ते कोण पिसणार यावरून भांडत होती.

मी कठड्यावर वाकून कितीतरी वेळ तसाच उभा होतो. बायको मागून आली, माझ्याकडे निरखून बघायला लागली. मी घाईघाईने डोळे पुसले आणि म्हणालो, काही नाही, वाऱ्याने डोळ्यात कचरा गेला.

"वारा कुठाय?" ती म्हणाली.

खरंच नव्हता. पण वर गच्चीत आमचे अभ्रे फिरत होते.